पोती पूर्ण, तूर कमी

माझ्या ऑफिसात येणारा प्रत्येक मालक खुर्चीत नीट टेकायच्या आत एकच वाक्य म्हणायचा, "बाई, त्याची नियत फिरली." मग रुमालाने मान पुसायची आणि नोकराच्या नियतीचा इतिहास सुरू. तो आधी कसा खाली मान घालून बोलायचा, आता कसा डोळ्याला डोळा देतो. त्याने नवी मोटरसायकल कशी घेतली. त्याची बायको लग्नात कशी मिरवत होती. मी अर्धा तास ऐकून घ्यायची आणि विचारायची, "ते सगळं ठीक. गेलं काय?"

या प्रश्नावर चांगले चांगले व्यापारी चिडलेले मी पाहिले आहेत.

जळगावच्या कोर्टात मी तेहतीस वर्षं फौजदारी वकिली केली. मधली काही वर्षं आठवड्यातून दोन दिवस धुळ्यालाही जात होते. खून-मारामाऱ्या केल्या, पण माझ्या नावावर जास्त जमा झाली ती नोकरांच्या चोरीची प्रकरणं. या जिल्ह्यात दुकानं, पेढ्या, गिरण्या, कारखाने भरपूर, आणि जिथे नोकर आहे तिथे संशय आहेच. कधी मी मालकाला सल्ला द्यायची, बहुतेक वेळा नोकराच्या बाजूने उभी राहायची. त्याला पूर्वी कलम ३८१ म्हणायचे. आता नव्या कायद्यात ते ३०६ झालं आहे. नंबर बदलला म्हणून मालकांच्या डोक्यात काही फरक पडलेला नाही.

ज्यांना कोर्टाशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चोरी सिद्ध करायची तर दोन गोष्टी लागतात. एक, वस्तू मालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय हलली पाहिजे. दोन, ती लबाडीच्या हेतूने हलवलेली पाहिजे. दोन्ही लागतात, पण क्रम असा आहे की आधी वस्तू हललेली दाखवा, मग हलवणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघू. मूल जन्माला आलेलं नसताना ते कोणासारखं दिसतं यावर भांडण्यात अर्थ नाही. पण आपल्या लोकांना मनात शिरायची भारी घाई. हातांनी काय केलं याची चौकशी कंटाळवाणी असते. त्यासाठी मोजावं लागतं, बघावं लागतं, गोदामात घाम गाळावा लागतो. मनाची चौकशी पंख्याखाली बसून होते.

भुसावळच्या एका कापड दुकानदाराने सेल्समनवर फिर्याद दिली होती. सात साड्या गेल्या. त्या सेल्समनला सतत फोन यायचे, तो बाहेर जाऊन बोलायचा, म्हणजे नक्की माल बाहेर काढत होता, असं मालकाचं गणित. साड्या सापडल्या मालकाच्याच मेहुणीकडे. पसंत करायला म्हणून नेल्या होत्या त्या दिवाळीपासून तिथेच. आणि फोन यायचे ते सेल्समनच्या होणाऱ्या बायकोचे. मालक मला म्हणाला, "पण बाई, कामाच्या वेळात फोनवर बोलतो, म्हणजे नियत तर खराबच ना?" मी त्याला चहा दिला आणि जायला सांगितलं.

धुळ्याला उलटं झालं. एका तेलगिरणीतला फिटर फाटकी ताडपत्री घेऊन घरी गेला. गेटवर पकडला. इथे वस्तू हलली होती, साक्षीदार होते, ताडपत्री टेबलावर होती. पण आदल्या दिवशी मालकानेच "हा कचरा उचल इथून" म्हटलं होतं. त्याने उचलला आणि स्वतःच्या गोठ्यावर टाकायला नेला. अशा वेळी हेतूचा प्रश्न येतो, आणि अशाच वेळी तो यावा. हे मी नव्या वकील पोरापोरींना इतक्या वेळा सांगितलं की ती मला पाहिलं की रस्ता बदलायची.

आणि आता जे सांगणार आहे ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

जळगावला एक डाळगिरणी आहे. नाव घेत नाही. गिरणी उभी केली ती आबांनी. आबा म्हणजे मूळ शेतकरी माणूस, धोतर-टोपी, दोन बोटांत तुरीचा दाणा धरून दातांखाली फोडायचे आणि त्यावरून भाव सांगायचे. आता कारभार मुलगा बघत होता, नितीनशेठ. त्याने इलेक्ट्रॉनिक काटा बसवला, कॉम्प्युटर आणला, कॅमेरे लावले. आबांना ऑफिसच्या ओट्यावर एक चांगली गादीची खुर्ची दिली. आबा तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम करत.

गिरणीत गोदाम सांभाळायला भिकाभाऊ होते. चोपड्याकडच्या एका खेड्यातले, पन्नाशीचे, एकोणीस वर्षं त्याच गोदामात. किल्ली त्यांच्या कमरेला. गिरणीच्या आवारात खंडेरावाचं छोटं देऊळ आहे, आणि आबांच्या घरी दर रविवारी त्याचा नैवेद्य असतो. त्यासाठी आठवड्याच्या ताज्या डाळीतली पहिली पायलीभर डाळ शनिवारी संध्याकाळी आबांच्या घरी पोचवायची, हे काम आबांनी फक्त भिकाभाऊंना दिलेलं. आबांच्या पत्नी आक्का ती डाळ हातात घेऊन कपाळाला लावत आणि मगच डब्यात ओतत. गिरणीत पन्नास माणसं होती, पण आक्कांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाणारे भिकाभाऊ एकटे. या गोष्टीचा त्यांना पगारापेक्षा जास्त अभिमान होता.

जानेवारीत नवी तूर आली, पन्नास-पन्नास किलोची दोन हजार पोती. मे महिन्यात नितीनशेठने सगळा माल काट्यावर घातला. एकतीस क्विंटल कमी भरला.

घरात तेव्हा वेगळंच संकट चालू होतं. तीन दिवसांपूर्वी आक्कांना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नितीनशेठ दवाखान्यातून गिरणीत आणि गिरणीतून दवाखान्यात. अशा माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं हे मला मान्य आहे. पण एकतीस क्विंटलची तूट दिसल्यावर त्याने काय करावं? माल पुन्हा बघावा, पावत्या बघाव्या, जुन्या माणसाला विचारावं. त्याने सगळ्यांना देवळासमोर उभं केलं आणि बेलभंडारा उचलायला लावला.

हमालांपासून मुनीमापर्यंत एकेकाने पुढे होऊन भंडारा उचलला आणि शपथ घेतली. भिकाभाऊंची पाळी आली तेव्हा ते पुढे झाले नाहीत. टोपी काढून मागेच उभे राहिले. नितीनशेठ म्हणाला, "उचला." हे म्हणाले, "मी उचलनार नही."

झालं. त्या क्षणी खटला संपला. पुढची अडीच वर्षं आम्ही कोर्टात जे केलं ती नुसती कागदोपत्री पूर्तता.

नितीनशेठ त्यांना ऑफिसात घेऊन गेला. दार लावून म्हणाला, "मला सगळं कळलंय. कबूल करा, नाहीतर पोलीस." भिकाभाऊ रडले आणि त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद मला पाठ आहे. "माझ्याकडून मोठी चूक झाली. आबांनी व आक्कांनी मला माफ करावे. पुन्हा अशी चूक होणार नाही." खाली सही. नितीनशेठने कागद घेतला आणि तरीही त्यांना पोलिसांच्या ताब्यात दिलं. हवालदाराने जबाबात लिहिलं, 'आरोपीचा चेहरा अपराधी दिसून आला.' दोन दिवस कोठडी, मग जामीन. जामीन मी केला.

भिकाभाऊ माझ्यासमोर बसले तेव्हा मीही तो चेहरा पाहिला. खोटं कशाला सांगू, माझीही खात्री पटली. इतक्या वर्षांत अपराधी माणूस ओळखायला मी शिकले होते आणि हा माणूस अपराधी होता. नजर जमिनीवर, हातात चुरगळलेली टोपी, काहीही विचारलं की "चूक झाली, ताई." मी मनात म्हटलं, बिचाऱ्याने कुठल्यातरी अडचणीत थोडा माल काढला असणार. आता याला शिक्षेतून कसं वाचवायचं एवढंच बघायचं.

मी विचारलं, "तुम्हाला या सगळ्यातून काय हवंय?"

ते म्हणाले, "माले आबास्ना म्होरे उभं रहानं शे. बस."

नोकरी, भरपाई, मालकावर उलटी केस, यातलं काही नाही. आबांच्या समोर पुन्हा उभं राहता यावं, एवढंच. मला ते सोपं वाटलं. मालक तयार असेल आणि कोर्टाने परवानगी दिली तर असली केस मिटवता येते. नितीनशेठचा वकील माझ्या ओळखीचा. त्याने निरोप आणला की भिकाने लेखी कबुली द्यावी, आबांची माफी मागावी, आम्ही मिटवून टाकू. मी खूश. संध्याकाळी बसून मसुदा लिहिला, 'मी गोदामातील तूर मालकाच्या परवानगीशिवाय वेळोवेळी नेली, याचा मला पश्चात्ताप आहे.' चांगला झाला होता मसुदा.

दुसऱ्या दिवशी भिकाभाऊंना वाचून दाखवला. ते मान हलवत ऐकत होते. 'तूर नेली' या शब्दांपाशी मान थांबली.

"तूर कोनी नेली, ताई?"

"तुम्ही."

"मी? मी एक दाना बी नही लिधा."

मी कागद खाली ठेवला. माझा आवाज चढला. "अहो, मग इतके दिवस चूक झाली, चूक झाली, काय लावलंय? कसली चूक? माफीनामा कशाचा लिहिला?"

मग त्यांनी सांगितलं. खूप वेळ लागला, मध्ये मध्ये थांबत होते. भंडाऱ्याच्या आठ दिवस आधी गावी त्यांचा चुलतभाऊ वारला होता. भाऊकीतलं सुतक, दहा दिवस घरी बसायला हवं. पण नितीनशेठने सांगून ठेवलं होतं की सीझनमध्ये जो दहा दिवस गायब होईल त्याने परत यायची तसदी घेऊ नये. तिघांना त्याने खरंच काढलं होतं. भिकाभाऊ एका रात्रीत अंत्यविधीला जाऊन आले. गिरणीत सांगितलं, लेकीकडे गेलो होतो. मग शनिवार आला. डाळ नेली नाही तर आक्का कारण विचारणार. नेली तर सुतकाच्या हातची डाळ देवाच्या नैवेद्याला जाणार. त्यांनी नेली. आक्कांनी नेहमीसारखी कपाळाला लावली. आणि मंगळवारी आक्कांना लकवा झाला.

"सुतकमा भंडारा कसा उचलू, ताई? आधीच येक पाप करेल व्हतं." मग म्हणाले, "शेठ बोलनात, माले बठ्ठं माहीत शे. माले वाटनं, त्यास्ले सुतकनं समजनं."

मी तो माफीनामा पुन्हा काढून वाचला. 'आबांनी व आक्कांनी मला माफ करावे.' गोदामातल्या तुरीचा आणि दवाखान्यात पडलेल्या आक्कांचा काय संबंध? एवढं ढळढळीत लिहिलेलं होतं. मालकाला ते खटकलं नाही, हवालदाराला खटकलं नाही. आणि गेलं काय, नेलं कोणी, असं जगाला विचारत फिरणाऱ्या मला ते खटकलं नाही. मी माझ्या स्वतःच्या अशिलाला एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही तूर नेली का. चेहरा बघितला आणि मसुदा लिहायला घेतला. माझ्यात आणि त्या हवालदारात फरक एवढाच की त्याचं अक्षर चांगलं होतं.

मसुदा फाडला. आणि जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं, पंचनामा नीट वाचला. त्यात पोलिसांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, 'गोदामात एकूण दोन हजार पोती मिळून आली.' आवकेच्या पावत्या काढल्या. आली किती? दोन हजार. म्हणजे एक पोतं हललं नव्हतं. प्रत्येक पोतं दीड किलोने हलकं झालं होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्केट यार्डात गेले. एका म्हाताऱ्या मापाड्याला विचारलं, जानेवारीतली नवी तूर मे महिन्यात मोजली तर काय होईल? तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "वाळेल नही तर काय करेल? पत्र्याखाली ठेवली आसन ना?" पत्र्याखालीच होती. जळगावचा मे महिना, वर पत्रा, आत चार महिने पडलेली ओली तूर. यात गुन्हेगार कोण असेल तर सूर्य, आणि त्याला समन्स निघत नाही.

खटला उभा राहिला तो पुढे. हवालदाराची उलटतपासणी मी आजही आठवून स्वतःशी हसते, आणि मग राग येतो.

"पोत्यांची शिवण उसवलेली होती का?"

"बघितलं नाही."

"दोन हजार पोती. प्रत्येकातून दीड किलो काढायचं आणि परत शिवायचं. एका माणसाला किती दिवस लागतील?"

"हळूहळू केलं असेल. वर्षभर."

"तूर आली जानेवारीत. मोजली मे महिन्यात. वर्षभर कसं?"

हवालदाराने सरकारी वकिलाकडे पाहिलं. सरकारी वकील फाइलमध्ये काहीतरी शोधत होते.

"काढलेली तूर कुठे सापडली? कोणाला विकली?"

"ते आरोपीनं सांगितलं नाही. पण बाई, त्यानं भंडारा उचलला नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तपासात दुसरं काय आहे?" दुसरं काही नव्हतं.

मग मी आबांना बचावाचे साक्षीदार म्हणून बोलावलं. लोकांनी मला वेड्यात काढलं, फिर्यादीच्या बापाला कोणी बोलावतं का? पण मला माहीत होतं की तो माणूस देवाच्या नावाने शपथ घेऊन खोटं बोलणार नाही. तोवर आक्का गेल्या होत्या. वर्षभर अंथरुणाला खिळून, आदल्या आषाढात. आबा काठी टेकत पिंजऱ्यात चढले.

"आबा, तुमच्या वेळी नव्या तुरीला तूट धरत होतात का?"

"धरायचो. क्विंटलमागं तीन किलो. कमी-जास्त होतं पावसाप्रमाणं."

"मग एकतीस क्विंटल कमी आली तेव्हा मुलाला सांगितलं नाहीत?"

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्यानं इचारलं नाही," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का, भिकानं भंडारा उचलला नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यात वजनाचा इचारच आला नाही."

हे ऐकून मी खाली बसले. पुढे विचारायचं काही उरलं नव्हतं. ज्याने पन्नास वर्षं तूर वाळताना पाहिली, तोसुद्धा एका न उचललेल्या भंडाऱ्यापायी सगळं विसरला. मग आम्हा बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?

सुतकाची गोष्ट मी कोर्टात काढली नाही. भिकाभाऊंनी ती सांगितली त्याच दिवशी हात जोडून म्हटलं होतं, "हाई गोट कोर्टमा सांगानं नही." मला ती गरजही नव्हती. माल हललाच नाही, तर शपथ का घेतली नाही आणि माफी कशाची मागितली याचा खुलासा द्यायला आरोपी बांधील नाही. निकालपत्रात न्यायाधीशांनी साधं लिहिलं की चोरी झाल्याचंच सिद्ध होत नाही, मग आरोपीच्या हेतूचा विचार करण्याचं कारण नाही. माझ्या तेहतीस वर्षांत इतका स्वच्छ निकाल मी पाहिला नव्हता. निर्दोष.

निकालाच्या दिवशी आबा आले होते. नितीनशेठ नव्हता. कोर्टाच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ, आबा भिकाभाऊंची वाट बघत उभे होते. भिकाभाऊ वाकले, आबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

"चुकलं रे पोराचं," आबा म्हणाले. "माझंबी चुकलं. सोमवारी ये. किल्ली घेऊन जा."

भिकाभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आपलं काम झालं. मी फाइल काखेत धरून बाजूला उभी होते, आणि खरं तर मी तेव्हाच तिथून निघून जायला हवं होतं.

कारण आबांनी सहज विचारलं, अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं, "पण मग तेव्हा भंडारा का उचलला नाहीस रे? हे मला अडीच वर्षं छळतंय."

भिकाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी मान हलवली. इतकंच नाही, तोंडाने म्हटलं, "सांगा ना. आता कसली भीती? खरं आहे ते सांगून टाका." जिंकलेल्या वकिलाच्या अंगात जी मस्ती येते ती माझ्यात आली होती. मला वाटलं, खरं कळलं की हा म्हातारा डोळे पुसेल आणि दोघं चहा प्यायला जातील.

भिकाभाऊंनी सांगितलं. चुलतभाऊ, सुतक, लेकीकडे गेल्याची थाप. आबा ऐकत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"त्या शनिवारी डाळ तूच आणली होतीस?"

"हां, आबा."

"तिनं कपाळाला लावली?"

"हां."

आबांचा हात भिकाभाऊंच्या दंडावरून निघाला. ते टाकीकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "चोरी केली असतीस तर बरं होतं, भिका."

आणि काठी टेकत पायऱ्या उतरून गेले. किल्लीचं किंवा सोमवारचं पुन्हा काही बोलले नाहीत.

माझं डोकं फिरलं. मी आबांच्या मागे गेले नाही, त्यांच्या वयाकडे बघून. मी भिकाभाऊंवर ओरडले. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली, तरी ओरडले. "अहो, सुतकानं लकवा होत नाही! आक्कांना बारा वर्षं बीपी होतं. गोळ्या चुकवायच्या त्या, सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुमच्या डाळीनं काही झालेलं नाही. एवढं कसं कळत नाही तुम्हाला आणि त्या म्हाताऱ्याला?"

भिकाभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग माझ्या काखेतल्या फाइलकडे पाहत त्यांनी विचारलं, "पुरावा शे का, ताई?"

ते मला खोडून काढत नव्हते. त्यांना खरोखर हवा होता. अडीच वर्षं या बाईने कागद दाखवून दाखवून त्यांना सोडवलं होतं, तर याचाही एखादा कागद तिच्याकडे असेल, असं वाटून ते उभे होते. चोपड्याची बस सुटायला वेळ होता आणि ते थांबायला तयार होते.